मनाची इशारा पातळी



आषाढाची झड लागली की आमच्या कोल्हापूर भागात लहानथोरांच्या तोंडी दोन आकडे घोळू लागतात. पंचगंगेवर राजाराम बंधाऱ्यापाशी पाण्याची उंची मोजली जाते. तेथे ३९ फूट ही इशाऱ्याची पातळी आणि ४३ फूट ही धोक्याची पातळी ठरलेली आहे. दूधवाला चरवी खाली ठेवता ठेवता विचारतो, "आज किती?" आणि कशाविषयी विचारले हे कोणाला सांगावे लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टात हे पाणी ५५ फुटांच्याही वर गेले, महामार्ग कित्येक दिवस बंद पडला, आणि चिखली, आंबेवाडी व शिरोळ तालुक्यातील गावांतून माणसांना नावांत घालून बाहेर काढावे लागले. २०२१ च्या जुलैत पुन्हा तोच प्रसंग आला. ज्यांनी ते पाणी पाहिले त्यांना एक गोष्ट पक्की कळली आहे. ती ही की, गुरे सोडावयाची, धान्याची पोती माळ्यावर चढवावयाची आणि म्हातारीकोतारी माणसे उंचावर न्यावयाची वेळ ३९ आणि ४३ यांच्या दरम्यान असते. ३९ च्या आधी सहसा कोणी हलत नाही, आणि त्यात काही चूकही नाही. ४३ च्या पुढे हलणे आपल्या हाती राहत नाही. मग नाव येईल तेव्हा येईल.

या चार फुटांविषयी मला आज लिहावयाचे आहे; मात्र नदीच्या नव्हे, मनाच्या.

दुसऱ्याच्या मनाचे पाणी ओळखण्यात आपण खेडवळ माणसे मोठी हुशार असतो. मुकादम सकाळी कोणत्या पायाने उठला हे त्याने चहाचा पेला खाली ठेवण्याच्या आवाजावरून ऊसतोड्या ओळखतो. सून सासूच्या खोकल्यावरून घरातील हवा जाणते. उपदेशक बंधू सभेला उभा राहिला की पहिल्याच गीतावरून त्यास कळते की, आज मंडळीत कोणाचे तरी कोणाशी बिनसले आहे. परंतु स्वतःच्या मनाचे पाणी कोठवर आले, हे मात्र आपणांस बहुधा शेजारी सांगतात. तेही ते घरात शिरल्यावर.

आमच्या मंडळ्यांत या कामी एक विशेष अडचण आहे, ती येथे स्पष्ट बोलतो. आपल्यातील पुष्कळांची अशी समजूत झालेली आहे की, विश्वासणाऱ्याला राग येऊ नये, भय वाटू नये, आणि उदास होणे हे तर अल्पविश्वासाचे लक्षण होय. म्हणून वाटेत कोणी भेटला की हात हातात घेऊन "सर्व कुशल" म्हणावयाचे, आणि घरी जाऊन भांडी आपटावयाची. मी चोवीस वर्षे या सेवेत आहे, आणि उघड पाप करणाऱ्यांपेक्षा या "सर्व कुशल" ने मोडलेली घरे मी अधिक पाहिली आहेत. दुसरे काही बंधू म्हणतात की, मनुष्याने आपल्या मनाकडे काय पाहावयाचे, देव पाहणारा समर्थ आहे. हे बोलणे भक्तीचे दिसते. पण जो हे बोलतो तोच रात्री निजण्यापूर्वी दाराची कडी दोनदा चाचपून पाहतो. घराची राखण देवावर सोडून तो निजत नाही, मग अंतःकरणाची का सोडतो?

पवित्र शास्त्रातील पहिल्या रागाची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. धाकट्याचे अर्पण मान्य झाले, थोरल्याचे झाले नाही, आणि काइनाच्या मनात पेट घेतला. ही कथा आपण नेहमी हत्येपासून सांगतो. "तुझा भाऊ कोठे आहे" या प्रश्नावर शाळेतील मुलांकडून उत्तरे पाठ करून घेतो. परंतु त्याच्या आधी आणखी एक प्रश्न आहे, आणि त्याकडे आमचे लक्ष जात नाही. शेतात जाण्यापूर्वी, हात उगारण्यापूर्वी, देव काइनाला विचारतो की, तू का रागावलास, तुझे तोंड का उतरले? येथे शिक्षा नाही, धमकी नाही. नुसती चौकशी आहे. दारात काहीतरी दबा धरून बसले आहे, अजून आत आलेले नाही, अजून तुला त्याच्यावर सत्ता चालविता येईल, इतके त्यास सांगितले आहे. म्हणजे काइन त्या क्षणी ३९ आणि ४३ यांच्या दरम्यान उभा होता. आणि शास्त्र त्याच्या तोंडी काहीच उत्तर घालीत नाही. तो उत्तर न देताच शेताकडे चालू लागला. मला पुष्कळदा वाटते की, त्याने काहीही उत्तर दिले असते, खोटे देखील, तरी बोलता बोलता त्याचे पाऊल अडखळले असते.

दुसऱ्याची गोष्ट सांगणे सोपे आहे. आता माझी सांगतो.

काही वर्षांपूर्वी सुगीच्या सणानंतर मंडळीच्या पंचांची बैठक भरली होती. मी जमाखर्चाचा कागद वाचीत होतो. आमच्या पंचांत एक वृद्ध गृहस्थ आहेत, त्यांस सर्व गाव आबा म्हणते. ते धंद्याने गुळवे. सेमिनरीचे तोंड त्यांनी पाहिलेले नाही. अक्षरओळख झाली तीही पस्तिशीनंतर. त्यांनी मध्येच विचारले, "पाळकसाहेब, खालच्या वाडीवरची म्हातारी दोन महिनं अंथरुणाला खिळलीया. तुम्ही कवा गेलता का तिकडं?"

मी गेलो नव्हतो. खोलीतील सर्वांना ते ठाऊक होते. मी म्हणालो, "मंडळी कशी चालवावी हे आता गुळव्याने मला शिकवावयाचे काय?"

आबा काही बोलले नाहीत. त्यांनी मांडीवरचा पटका उचलला, डोक्यास गुंडाळला आणि ते बाहेर गेले. पुढे चार महिने ते भक्तीस आले नाहीत. मी घरी सांगितले की, म्हातारा फार मानी आहे. त्याच महिन्यात मी क्षमेवर दोन उपदेश केले आणि लोकांनी त्यांची वाखाणणी केली. राहिली ती वाडीवरची म्हातारी. आबांच्या सांगण्यावरून गेलो असे दिसू नये म्हणून मी आणखी तीन आठवडे तिकडे फिरकलो नाही, आणि तेवढ्यात ती देवाघरी गेली. माझ्या रागाचे मोल आबांनी थोडे दिले. उरलेले तिने दिले, आणि ते मला आता परत करता येत नाही.

तिला मूठमाती देऊन परत आलो त्या रात्री कोटाच्या खिशात हात घातला, तो एक कागद हाती लागला. बैठकीतील जमाखर्चाचा तोच कागद होता. त्याच्या घडीवर घडी घालीत घालीत मी तो अंगठ्याएवढा केला होता. माझ्या हातांनी हे केव्हा केले, याची मला यत्किंचितही आठवण नव्हती. आबांनी तो प्रश्न विचारण्यापूर्वीच घड्या पडू लागल्या असाव्यात, कारण इतक्या घड्यांना वेळ लागतो. म्हणजे इशारा मिळाला होता. मोजपट्टी माझ्याच हातात होती, आणि मी तिच्याकडे पाहिले नव्हते.

पंचगंगेच्या नावाविषयी आमच्याकडे असे सांगतात की, कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या डोळ्यांना दिसतात, पाचवी सरस्वती ती गुप्त आहे. प्रयाग चिखलीच्या संगमाखाली या साऱ्यांचे पाणी एका पात्रातून वाहते, आणि शहरातील मनुष्य पुलावर उभा राहून म्हणतो, पंचगंगेला पूर आला. खरे पाहता पाऊस वर दूर, राधानगरी-गगनबावड्याच्या डोंगरात पडलेला असतो. रागाचेही असेच आहे. आपण पुलावरून पाहतो आणि म्हणतो, अमक्याने मला राग आणला. त्या रात्री मी कागद उलगडून ठेवला आणि स्वतःस विचारीत बसलो की, हे पाणी कोठकोठून आले?

पहिला ओढा तर हास्यास्पद होता. त्या दिवशी पहाटेपासून मी काही खाल्ले नव्हते. दुसरा, माझ्या मुलाने आम्हांस न सांगता शिक्षण सोडल्याचे दोन दिवसांपूर्वी कळले होते आणि माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता. तिसरा, जमाखर्चात एक चूक माझी स्वतःची होती आणि ती कोणी काढील अशी मला धास्ती होती. चौथा, आबांचे म्हणणे खरे होते; आणि खरे बोलणारा आपल्याहून कमी शिकलेला असला म्हणजे ते अधिक झोंबते, हे मोठ्या लाजेने लिहितो. इतके झाले तरी हिशेब पुरा होईना. मी त्या वाडीच्या वाटेने दोनदा गेलो होतो आणि दोन्ही वेळा ओढ्यापासून परत फिरलो होतो. का? हे उत्तर मिळण्यास पुढे कित्येक दिवस लागले. माझी आई अशीच महिनोनमहिने अंथरुणावर होती. मी सेमिनरीत होतो आणि तिच्या शेवटच्या दिवशी पोहोचलो नाही. कोणा म्हाताऱ्या बाईच्या उशाशी बसणे मला तेव्हापासून नकोसे झाले होते, आणि मी त्याला कामाची गर्दी असे नाव देऊन ठेविले होते. ही माझी गुप्त सरस्वती. आबांना तिचा काय पत्ता?

एपिक्टेटस नावाचा एक तत्त्ववेत्ता रोमी साम्राज्यात प्रेषितांच्या काळानंतर लवकरच होऊन गेला. तो जन्माने गुलाम, पायाने लंगडा. पुढे मोकळा झाल्यावर त्याने शाळा घातली. त्याची शिकवण थोडक्यात अशी होती की, मनुष्याला घडलेली गोष्ट बेचैन करीत नाही, त्या गोष्टीविषयी त्याने करून घेतलेली समजूत बेचैन करते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ साली जी उपचारपद्धती मांडली तिच्या मुळाशी हाच विचार आहे, आणि त्यांनी या गुलामाचे ऋण मान्य केले आहे. आपल्या मराठीत कि. मो. फडके यांनी ती पद्धती समजावून सांगण्यात आयुष्य वेचले. तिचे सार आपल्या भाषेत सांगावयाचे तर असे: घटना आणि भावना यांच्या दरम्यान एक वाक्य असते, ते आपणच मनात उच्चारतो, आणि इतक्या झपाट्याने उच्चारतो की आपल्यालाच ऐकू येत नाही. आबांनी प्रश्न विचारला, ही घटना. मी भडकलो, हा परिणाम. मधील वाक्य होते, "मी वाईट पाळक आहे हे आता सर्वांसमोर ठरले." हे वाक्य आबांनी उच्चारले नव्हते. ते माझे होते. त्याला हलकेच धरून उजेडात आणले असते तर त्यातील खरे किती आणि फुगविलेले किती हे दिसले असते. एका म्हातारीस मी भेटलो नव्हतो, एवढे खरे होते. आणि त्याला उपायही सोपा होता, उठून जाणे.

हे कबूल केले पाहिजे की, असे आत पाहणे आपल्या लोकांना नवीन नाही. रामदासांनी २०५ श्लोक लिहिले ते मनालाच उद्देशून, आणि आमच्या वाडवडिलांना त्यांतील कित्येक मुखोद्गत होते. स्तोत्रकर्ताही आपल्या जिवाला समोर बसवून विचारतो की, तू असा खिन्न का? लक्ष द्या, तो जिवाला गप्प बसवीत नाही, विचारतो.

गप्प बसविणे आणि विचारणे यांतील अंतर ज्याला पाहावयाचे असेल त्याने लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचावी. नारायण वामन टिळक यांचा स्वभाव किती तापट होता, हे त्यांच्या पत्नीने झाकलेले नाही, आणि तिखटमीठ लावून सांगितलेलेही नाही. पण मला त्या पुस्तकात अधिक मोलाचे वाटते ते बाईंचे स्वतःकडे पाहणे. त्यांच्या वडिलांचे सोवळे इतके कडक की बाजारातून आणलेले मीठसुद्धा धुऊन घ्यावयाचे. अशा घरात त्या वाढल्या. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, बाईंचा १९०० साली. मध्ये ताटातूट झाली. आणि पतीकडे परत आल्यावरही काही काळ त्यांनी आपले सोवळे सांभाळलेच. ते सुटले ते टिळकांच्या आग्रहाने नव्हे. एकदा स्वतःशीच विचार करीत असता, हा भेद कोणी केला, देवाने की माणसाने, असे त्या आपणास विचारू लागल्या आणि गाठ सैल झाली. जी भावना रक्तातली वाटते ती पुष्कळदा शिकविलेली असते, आणि शिकविलेली वस्तू न्याहाळून पाहता येते. बाई हे सारे हसत हसत सांगतात. स्वतःस ओळखू लागलेल्या मनुष्याची एक खूण ही असावी, की त्याला स्वतःचे हसू येऊ लागते. मला अजून फारसे येत नाही.

फाल्गुनात, गुऱ्हाळे उठण्याच्या बेतात असता, मी आबांकडे गेलो. मनात भाषण तयार केले होते. चुलवाणावर काहील चढलेली, खाली एक पोरगा चिपाडे सारीत होता, आणि आबा काठाशी उभे राहून रसाकडे पाहत होते. मला पाहून म्हणाले, "बसा पाळकसाहेब. आता बोलता यायचं न्हाई. रस वर आलाय."

मी चिपाडाच्या ढिगावर बसलो. तासाहून अधिक वेळ बसलो. रसात भेंडीचे पाणी पडले, मळी वर आली, आबा झाऱ्याने ती काढून बाजूस टाकू लागले. उतू जाण्याची लक्षणे दिसताच त्यांनी तेलाचे चार थेंब शिंपडले आणि फेस बसला. पोराला म्हणाले, "जाळ थोडा मागं घे, इझवू नगंस." पुढे पाक पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी करून पाहिली, आणि मग काहील उतरली. या सर्व वेळात त्यांची नजर एकदाही हलली नाही, आणि तरी त्यांच्या तोंडावर ताण नव्हता. जाळावर त्यांचा राग नव्हता, मळीवरही नव्हता. मळी यावयाचीच. जी वर आलेली दिसते ती काढता येते. जी उकळीत परत मिसळली ती गुळात उतरते आणि त्याचा रंग काळवंडतो. राग आवरणे म्हणजे जाळ विझविणे असे मी आजवर समजत आलो होतो. तसे करणाऱ्याच्या हाती कच्चा रस तेवढा राहील.

गूळ वाफ्यात ओतून झाल्यावर आबा माझ्याशेजारी येऊन बसले. माझे भाषण मी केव्हाच विसरलो होतो. मी इतकेच म्हणालो की, आबा, मी त्या दिवशी भ्यालो होतो. मग आईची हकिकत सांगितली. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "ती म्हातारी तुमचीच वाट बघत व्हती आसं काय न्हाई. तिला कुणीतरी गाणं म्हणाया पायजे व्हतं. आम्ही म्हटलं." यात क्षमा होती की बोल होता, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. बहुधा दोन्ही.

भावनेला नाव दिल्याने काय होते, हे मला त्या दिवशी कळले. "आबांनी माझा अपमान केला" हे वाक्य मी चार महिने वागविले आणि ते रोज जड होत गेले. "मी भ्यालो होतो" हे म्हणताच छाती हलकी झाली. २००७ साली अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात मॅथ्यू लिबरमन व त्यांचे सहकारी यांनी काही लोकांना रागीट, भेदरलेले असे चेहरे दाखवून त्यांच्या मेंदूची तपासणी केली. त्या भावनेला शब्दाने नाव दिले असता, मेंदूचा अमिग्डला नावाचा जो भाग भयाच्या वेळी जागा होतो, त्याची हालचाल मंदावते असे त्यांस दिसून आले. आमच्या बायाबापड्यांना हे यंत्रावाचून ठाऊक आहे. त्या म्हणतात, जीव खालीवर होतो, काळीज लकलकते, पोटात तुटते, मन कशात लागत नाही, नुसती हुरहूर वाटते. आणि यांतील प्रत्येक शब्दाचा अर्थ निराळा आहे. पुरुषांना मात्र एवढेच येते: डोके फिरले. मग ते कशाने फिरले, लाजेने, भुकेने की धास्तीने, हे ना त्याला कळत ना बायकोला, आणि मार मात्र ती खाते. उपदेशक बंधूंनी घरभेटीस गेले असता पुरुषांना हा शब्द सोडून दुसरा शोधावयास सांगून पाहावे. त्यास वेळ लागतो, पण तो वेळही कामाचाच आहे. तेवढ्यात उगारलेला हात पुष्कळदा खाली येतो.

आता दोन गोष्टींविषयी सावध करणे माझे कर्तव्य आहे.

पहिली ही की, प्रत्येक राग हा रागावणाऱ्याच्याच मनाचा दोष असतो असे कोणी समजू नये. ज्याची मजुरी मुकादमाने अडकविली त्याला "तू आधी आपले मन तपास" असे सांगणे म्हणजे मुकादमाचे काम आपण करणे होय. आपल्यापैकी पुष्कळांच्या आज्यापणज्यांना पाणवठ्यापासून हाकलताना शांत राहण्याचा उपदेश भरपूर मिळालेला आहे. त्यात मी भर घालू इच्छीत नाही. कोल्हापुरात १८९९ च्या सुमारास पंचगंगेच्या काठी शाहू छत्रपतींसाठी वेदोक्त मंत्र न म्हणता पुराणोक्त म्हटले जातात, हे उघडकीस आले. राजा असूनही त्यांना शूद्र लेखले गेले होते. त्यांच्या मनात काय उसळले असेल ते त्यांचे त्यांना ठाऊक. आपणांस दिसते ते इतकेच की, २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी संस्थानाच्या नोकऱ्यांतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला, आणि पुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. आपल्या एकट्याच्या अपमानातून त्यांनी हजारोंच्या अपमानाकडे पाहिले. असा राग विझवू नये. कोठे न्यावयाचा ते पाहावे. आणि तो आपला आहे की न्यायाचा, हे ओळखण्यासाठीसुद्धा आत पाहावेच लागते, कारण माझा त्या दिवशीचा रागही मला घटकाभर न्यायाचाच वाटला होता.

दुसरी गोष्ट आजाराची. एलिया संदेष्टा रानात झाडाखाली पडून मरण मागू लागला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही, आत्मपरीक्षण करावयास सांगितले नाही. त्यास झोपू दिले, उठवून भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा जेवू घातले. "तू येथे काय करितोस" हा प्रश्न पुष्कळ दिवसांनी, डोंगरावर पोहोचल्यावर आला. आमचे काही उपदेशक प्रश्न आधी विचारतात आणि भाकर विसरतात. ज्याला आठवडेच्या आठवडे झोप नाही, अन्नावर वासना नाही, जगण्यात अर्थ वाटत नाही, किंवा जो महापुरात सर्व गमावल्यापासून पावसाचा आवाज ऐकताच थरथरतो, त्याच्या नदीवर मोजपट्टी रोवून भागणार नाही. त्याला डॉक्टरांकडे न्यावे, आणि प्रार्थना करीत न्यावे. या दोहोंत वैर नाही. सरकारने २०२२ च्या ऑक्टोबरात टेलिमानस नावाची सोय सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर फोन केला असता मोफत सल्ला मिळतो आणि मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक देवळाच्या दाराशी लिहून ठेवावा. लाज वाटून कोणी विचारणार नाही, पण येता जाता वाचील.

आणि जो रात्रंदिवस आपलेच मन तपाशीत बसतो त्यालाही एक शब्द. बंधाऱ्यावर पाणी मोजणारा मनुष्य मोजून झाले की आकडा लिहितो आणि घरी जाऊन जेवतो. तो दिवसभर नदीत डोके घालून बसत नाही. मी संध्याकाळी दिवा लागल्यावर पाव घटका एवढ्याचसाठी ठेवितो: आज पाणी कोठे चढले, कोणत्या ओढ्याचे होते, कोणाच्या घरात शिरले. ज्याच्या घरात शिरले त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी जाणे हे त्यातील सर्वांत अवघड काम होय, आणि ते मी पुष्कळदा दुपारवर ढकलतो.

आबा आता पुन्हा पंचांच्या बैठकीस येतात आणि पूर्वीसारखेच नको ते प्रश्न विचारतात. गेल्या बैठकीत देवळाच्या कौलांच्या खर्चाविषयी त्यांनी असाच एक विचारला. मी उत्तर देण्यास तोंड उघडले, आणि माझे लक्ष खाली गेले. हातातील कागदाला दोन घड्या पडल्या होत्या. आबांचेही लक्ष तिकडेच होते. त्यांनी काही न बोलता पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकविला.